दौलत दुर्गेंचा विनाथांबा दौरा

दौलत लक्ष्मण दुर्गे यांनी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका महसूल कचेरीत तेहतीस वर्षं साहेबांचे दौरे लिहिले. त्यांच्या खुर्चीला कॅम्प क्लार्क म्हणत. साहेब कोणत्या तारखेला कुठे जाणार, किती वाजता पोचणार, काय तपासणार आणि कोणत्या विश्रामगृहात मुक्काम करणार, हे कॅम्प क्लार्कनं कागदावर मांडायचं. दौऱ्याची डायरीही त्यानंच तयार करायची आणि साहेबांच्या सहीनं वर पाठवायची. तेहतीस वर्षांत एकोणीस साहेब आले आणि बदलून गेले. दौरे अडीच हजारांच्या वर लिहून झाले. स्वतः दौलतराव त्यातल्या एकाही दौऱ्यावर गेले नाहीत. जीपमध्ये त्यांच्यापुरती जागा कधीच नसे. साहेबांच्या जेवणाच्या डब्याला मात्र पुढची सीट मिळे.

डायरी दौऱ्यानंतर लिहायची असते, असा नियम आहे. नियम करणाऱ्याला निर्मलचा रस्ता माहीत नसावा. आदिलाबादहून निघालं की गुडीहतनूरला फाटा लागतो. उटनूरला आणि त्यापलीकडच्या जंगलातल्या गावांना जायचं तर डावीकडे वळायचं. साहेबांची जीप सरळ जायची. सरळ निर्मल येतं, निर्मलला ओळखीचा चहा मिळतो, बाईसाहेबांनी सांगितलेली लाकडाची रंगीत फळं मिळतात, आणि दहा मिनिटांचा तो थांबा दुपारी चारपर्यंत लांबतो. दौरा तिथंच संपायचा. सोमवारी डायरी मात्र सहीला हवी असायची. म्हणून दौलतरावांनी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी स्वतःची एक पद्धत बसवली: दौऱ्याचा कार्यक्रम आणि दौऱ्याची डायरी एकाच बैठकीत लिहायची. ‘शाळेस भेट दिली. उपस्थिती समाधानकारक. बोअरवेल चालू स्थितीत आढळली. ग्रामस्थांच्या अडचणी ऐकून घेऊन संबंधितांना सूचना दिल्या.’ ज्या दिवशी हे घडल्याचं कागदावर आहे, त्या दिवशी साहेब निर्मलमध्ये लाकडी सीताफळाला भाव करत होते. गावांनी साहेब पाहिले नाहीत, साहेबांनी गावं पाहिली नाहीत, आणि वरच्या कचेरीनं एकदाही शंका काढली नाही.

अशा माणसानं त्रेसष्टाव्या वर्षी ठरवलं की आता स्वतः एक दौरा करायचा. पहिलाच करायचा तो ॲमस्टरडॅमचा.

निमित्त मुलीचं होतं. प्रीती दोन वर्षांपासून तिथं नोकरीला होती. बंदरात येणाऱ्या मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीत ती संगणकावर काम करायची. एप्रिलमध्ये तिला बारा दिवसांची रजा मिळणार होती. तिनं फोनवर सांगितलं, “तुम्ही दोघं या. मम्मीला समुद्र दाखवते.”

मनकर्णाबाईंना समुद्राचं वेगळं कारण होतं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. नैसर्गिक बंदर आणि कृत्रिम बंदर यांतला फरक त्यांनी पाचवीच्या एकोणतीस तुकड्यांना समजावला. स्वतः त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली पैनगंगा.

दौलतरावांनी त्याच दिवशी मिसल उघडली. कचेरीत फाइलीला निजामाच्या काळापासून मिसल म्हणतात, आणि घरी कशाचीही फाइल करायची झाली तरी दौलतराव तोच शब्द वापरतात. गॅसच्या सिलिंडरची मिसल आहे, प्रीतीच्या बारावीच्या गुणपत्रिकेची आहे, शेजाऱ्याच्या कडुनिंबाच्या फांदीची आहे. नव्या मिसलीवर त्यांनी लिहिलं: ‘विषय: युरोप दौरा. तातडीचे.’

पहिला प्रश्न विमानाचा. प्रीतीनं चार पर्याय पाठवले. तीन आखातातल्या कुठल्या ना कुठल्या विमानतळावर थांबणारे होते. चौथं हैदराबादहून थेट.

“पप्पा, थांबणारं घ्या. पाच-सहा तासांचाच थांबा आहे. तुम्हाला पाय मोकळे करता येतील.”

“थांबा नको.”

“का पण?”

“थांबा म्हंजे दौरा खलास. मी तेहतीस वर्षं पाह्यलं. माणूस थांबला का तो पुढं जात नाई.”

“अहो, विमान बदलायचं असतं. तिथं कोणी चहा पाजून बसवून ठेवत नाही.”

“तू मले दौरा शिकवू नको, प्रीती.”

थेट विमान ठरलं. ही बातमी दौलतरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेडियमच्या बाकावर बापूजींना दिली. बापूजी त्याच कचेरीतले निवृत्त जीपचालक. एकोणीसपैकी चौदा साहेबांना त्यांनीच निर्मलला नेलं होतं. तेव्हा दौलतराव दौऱ्यांबद्दल जे लिहीत, त्यातलं खरं काय ते बापूजींना माहीत होतं. अशी दोन माणसं रोज एका बाकावर बसतात, याला मैत्री म्हणायचं की परस्परांवरची पाळत, हे त्यांनी कधी ठरवलं नाही.

“दहा तास कुठीच थांबत नाई?” बापूजींनी विचारलं.

“नाई. नॉनस्टॉप.”

“डायवरले सांगून ठेवजा दौलतभाऊ. सवयीनं निर्मलले घालीन.”

“हासून घ्या.”

“हासून नाई राह्यलो. तुमी सोता जाऊन राह्यले, का तुमच्या सहीसाठी अजून कोणी क्लार्क हाय?”

दौलतराव उठून घरी गेले. ते कार्यक्रमाच्या तयारीत होते.

कार्यक्रम तीन आठवड्यांत तयार झाला. अकरा दिवस, सत्तेचाळीस ठिकाणं. प्रत्येक ठिकाणापुढे पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि मधलं अंतर किलोमीटरमध्ये, दशांश चिन्हासह. वस्तुसंग्रहालयाला पन्नास मिनिटं. फुलांच्या बागेला पस्तीस. पवनचक्कीला वीस, कारण ती फिरते एवढंच पाहायचं. जेवणाला रोज बारा ते साडेबारा, मग त्या वेळी माणूस होडीत असो की संग्रहालयात. शेवटच्या रकान्याला ‘शेरा’ असं नाव होतं. तो रिकामा ठेवणं दौलतरावांच्या हाताला जमणारं नव्हतं. त्यांनी तो भरला. शेरा भरला म्हणजे डायरी निम्मी झालीच. मग उरलेलीही त्यांनी त्याच बैठकीत लिहून टाकली, इंग्रजीत, टाइप करून.

मनकर्णाबाईंनी ती चष्मा लावून वाचली. मराठीत सांगायचं तर तिच्यात असं होतं:

‘१९ एप्रिल. सकाळी साडेनऊला निवासस्थानाहून प्रयाण. कालव्यांची होडीतून पाहणी केली. पाणी स्वच्छ. गाळ आढळला नाही. २१ एप्रिल. वस्तुसंग्रहालयास भेट. चित्रांची स्थिती समाधानकारक. कर्मचारी जागेवर हजर. २३ एप्रिल. बंदरास भेट. मालाची चढउतार सुरळीत. कामगारांच्या अडचणी ऐकून घेतल्या. २६ एप्रिल. पवनचक्की. चालू स्थितीत आढळली.’

शेवटच्या पानावर ‘दौरा पूर्ण’ असं लिहून खाली रेघ मारली होती. डाव्या कोपऱ्यात स्थानिक अधिकाऱ्याच्या सहीसाठी आणि शिक्क्यासाठी चौकट सोडली होती.

“आवो,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “हे फेब्रुवारी चालू हाय.”

“मले मालूम हाय.”

“मंग तुमी गेले कवा न् आले कवा?”

“डायरी असीच असते. मागून कोणाले टाइम असते लिहाले?”

“कामगारांच्या कोणत्या अडचणी ऐकल्या?”

“असतेच काही ना काही.”

“डच भाषेत ऐकल्या काय?”

दौलतरावांनी मिसल बंद केली. मनकर्णाबाईंनी मात्र तिथंच सांगून टाकलं, “माझ्या व्हिसाच्या कागदात तुमचं हे एकही पान नको. प्रीतीनं धाडलेलं देजा.” प्रीतीनं पाठवलेला कागद एक पानाचा होता. मुलीकडे राहणार, ही तिकिटं, हा तिचा पत्ता, ही परतीची तारीख, बंदर आणि समुद्र पाहणार. दौलतरावांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला.

“एका पानावर कुठी दौरा असते काय? कोणी मंजूर करन याले?”

प्रीतीला त्यांनी डायरी फोनवर पाठवली होती. ती अर्धा मिनिट हसली, मग गंभीर झाली. “पप्पा, हे मजेत ठीक आहे. अर्जाला लावू नका हं.”

“नाई लावत,” दौलतराव म्हणाले. वरिष्ठांना तोंडी होकार द्यायचा आणि कागद आपल्या पद्धतीनं लावायचा, ही कचेरीतली सगळ्यात जुनी कला आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघं पहाटेच्या बसनं हैदराबादला गेले. अर्ज घेणाऱ्या केंद्रात प्रत्येकाला वेगळी खिडकी मिळते, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. मनकर्णाबाईंचं काम बारा मिनिटांत झालं. दौलतरावांच्या खिडकीतल्या मुलीनं त्यांची मिसल दोन्ही हातांनी उचलली. आत पेन्शनचा आदेश होता, घरपट्टीची पावती होती, चारित्र्याचा दाखला होता, सरपंचाचं ‘सदर इसम सुस्वभावी आहे’ असं पत्र होतं, निवृत्तीच्या दिवशी शाल पांघरलेला फोटो होता. आणि सगळ्यांच्या वर एकोणीस पानांची डायरी.

“सार, यातले बरेच कागद लागत नाहीत,” ती हिंदीत म्हणाली. “आणि हे काय आहे?”

“टूर डायरी.”

“यादीत नाही, सार.”

“यादीत नाही म्हणून तर लावली. बाकीचे लावणार नाहीत.”

तिचं काम कागद वाचण्याचं नव्हतं, पुढे पाठवण्याचं होतं. तिनं पुन्हा एकदा विचारलं, दौलतरावांनी पुन्हा हो म्हटलं, आणि डायरी पाकिटात गेली. परतीच्या बसमध्ये दौलतराव कामारेड्डीपर्यंत खूश होते. पुढे त्यांना झोप लागली.

अठराव्या दिवशी दोन पाकिटं आली. मनकर्णाबाईंच्या पासपोर्टात व्हिसा होता. दौलतरावांच्या पासपोर्टात काही नव्हतं. सोबत एक छापील कागद होता आणि त्यावरच्या चौकटींपैकी एका चौकटीत खूण केलेली होती. प्रवासाच्या उद्देशाबद्दल सादर केलेली माहिती विश्वासार्ह नाही, असा त्या ओळीचा अर्थ होता.

दौलतरावांनी ती ओळ पाच वेळा वाचली. अडीच हजार डायऱ्यांतल्या एकाही ओळीवर आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. त्याचं कारण त्यांच्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली. दौलत दुर्गे यांनी लिहिलेली दौऱ्याची डायरी या वेळी पहिल्यांदाच कोणीतरी वाचली होती.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी तिकिटांचा विषय काढला. “दोन्ही रद्द करा लागतीन.”

“दोन्ही काऊन?”

“मंग तू एकटी जाशीन?”

“विमान थांबत नाई म्हणता ना कुठी? इथं बसाचं, तिथं उतराचं. उतरल्यावर पोट्टी उभी हाय.”

“अवं, पण पहिली वेळ हाय. इंग्रजी...”

“आवो, तुमी साहेबाचा दौरा लिहिला का मी रातचा स्वयंपाक झाकून वाट पाहात होती, का हे आज तरी टाइमानं येतीन. दौऱ्यावर साहेब. उशीर तुमाले. मी कवा इचारलं काय? आता मी जाऊन राह्यली. तुमी वाट पाहा.”

एप्रिलच्या अठरा तारखेला दौलतराव बायकोला सोडायला हैदराबादच्या विमानतळावर गेले. पाच किलो ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, बोरकुट, प्रीतीसाठी निर्मलचा लाकडी मोर. आत जाता येत नव्हतं. काचेपलीकडे मनकर्णाबाई रांगेत उभ्या राहिल्या, पुढच्या बाईशी बोलायला लागल्या, वळणावर दिसेनाशा झाल्या. मागे वळून हात वगैरे त्यांनी केला नाही. त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या.

पुढचे अकरा दिवस दौलतरावांना फोनवर दौरा कळत गेला. तो त्यांच्या कार्यक्रमाप्रमाणे चालला नव्हता. पहिल्या दिवशी मनकर्णाबाई झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्या आणि प्रीती एका कालव्याच्या काठी दोन तास बसल्या. तिथं क्रेन लावलेली होती आणि पाण्यातून काहीतरी काढत होते.

“सायकली काढून राह्यले,” मनकर्णाबाईंनी सांगितलं. “चिखलानं भरलेल्या. एक झाली का दुसरी. प्रीती म्हणे, लोक टाकून देतेत नाईतर वाऱ्यानं पडतेत.”

मागून प्रीतीचा आवाज आला, “पप्पा, गाळ आढळला बरं का!”

दौलतरावांनी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

सातव्या दिवशी समुद्र झाला. मनकर्णाबाईंनी फोन वाळूकडे धरला, मग पाण्याकडे, मग आपल्या पायांकडे. खूप वेळ फक्त वाऱ्याचा आवाज येत राहिला. “कसा हाय?” दौलतरावांनी विचारलं. “थंडा,” त्या म्हणाल्या. “न् पुस्तकात निळा दाखवतेत. करडा हाय. एकोणतीस वर्षं पोरायले खोटं सांगतलं मी.” हे त्यांनी अगदी सहज म्हटलं.

मनकर्णाबाई आल्या तेव्हा आठवडाभर घरात बाया होत्या. कॉलनीतल्या, माहेरच्या, शाळेतल्या जुन्या सहकारी. त्या विचारत, या सांगत. मधल्या खोलीत दौलतराव चहाचे कप नेऊन ठेवत. एका बाईनं भाबडेपणानं विचारलं, “भाऊ, तुमी नाई गेले?” मनकर्णाबाई म्हणाल्या, “त्यायचा दौरा आधीच झाला होता.” बाया हसल्या. दौलतराव कप घेऊन आत गेले.

बापूजींना ही गोष्ट कोणीतरी सांगितलीच होती.

“एक इचारू काय दौलतभाऊ? राग नका मानू,” बाकावर बसता बसता ते म्हणाले. “उटनूरच्या पल्याड ते गाव हाय, साहा-सात घरांचं. तुमी तिथली बोअर चालू लिहिली होती. लागोपाठ चार वर्षं.”

“असन.”

“तिथं बोअर नव्हतीच. बाया नाल्यात झिरा खोदून पाणी भरत. मी एकदा मोटरसायकलनं गेलतो, सोताच्या कामानं. मी त्यायले म्हटलं, कागदावर तुमची बोअर लय बेस चालते. तर हासल्या.”

“मले कोणी सांगतलं नाई.”

“कसं सांगतीन? तुमी चालू लिहून बसले. चालू बोअरले कोण दुरुस्त कराले येते?”

त्या दिवशी दौलतरावांनी स्टेडियमला एकच फेरी मारली आणि घरी आले. प्रीतीचं म्हणणं होतं की अर्ज पुन्हा करता येतो. फक्त आधीचा नकार लपवायचा नाही आणि ती डायरी काय प्रकार होता, हे एका पानात सरळ लिहायचं. “सरळ” या शब्दावर तिनं जोर दिला.

दौलतराव जूनमध्ये लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानांचा झाला. ‘अधोस्वाक्षरीकार असे नमूद करू इच्छितो की, प्रशासकीय कार्यपद्धतीच्या दीर्घ अनुभवामुळे...’ त्यात कार्यपद्धती होती, अनुभव होता, तांत्रिक त्रुटी होती, गैरसमज होता. माणूस कुठे नव्हता. मनकर्णाबाईंनी लाल पेन घेतलं. धडा न वाचता वहीत भलतंच लिहून आणणाऱ्या पोराची पानं त्या जशा तपासत, तशी त्यांनी चारही पानं तपासली. तीन पानं उभी खोडली.

“अधोस्वाक्षरीकार कोण?”

“मी.”

“मंग ‘मी’ लिहाना.”

दुसऱ्या मसुद्यात ‘मी’ आला, पण लगेच पुढे ‘वरिष्ठांच्या आदेशानुसार’ही आलं. मनकर्णाबाईंनी विचारलं, “कोन्या साहेबानं लेखी आदेश देल्ला होता काय, बोअर चालू लिहा म्हणून?” आदेश नव्हता. साहेब फक्त सही करत. वाक्य गेलं. तिसरा मसुदा, चौथा, सातवा. दर वेळी कागद लहान होत गेला आणि दौलतरावांचा चेहरा लांब. शेवटी इंग्रजीत जे राहिलं त्याचा अर्थ असा:

‘मी कॅम्प क्लार्क होतो. अधिकारी दौऱ्यावर जाण्याआधीच मी त्यांच्या दौऱ्याचा अहवाल लिहीत असे. ते बहुतेक वेळा जात नसत. मी माझ्या प्रवासाचाही अहवाल त्याच सवयीनं लिहिला. त्यातलं काही खरं नाही. मी ॲमस्टरडॅमला गेलेलो नाही. मला मुलीकडे नऊ दिवस जायचं आहे.’

कागद छापून आणल्यावर ते सहीला बसले. तेहतीस वर्षं त्यांनी लिहिलेल्या कागदाखाली दुसऱ्याची सही असायची. कागदात काही वेडंवाकडं असलंच तर ते साहेबांचं. या कागदाखाली दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी सही केली, खाली सवयीनं तारीख घातली आणि शिक्क्यासाठी जागा आहे का ते पाहिलं. नव्हती.

ऑगस्टमध्ये ते एकटेच हैदराबादला गेले. पाकीट इतकं पातळ होतं, की बसमध्ये ते दोनदा उघडून आत काही आहे याची त्यांनी खात्री केली. खिडकीत या वेळी दुसरा माणूस होता. “आणखी काही जोडायचं आहे?” दौलतरावांच्या पिशवीत, खरं सांगायचं तर, सरपंचाचं नवं पत्र होतं. ते त्यांनी पिशवीतच राहू दिलं. “नाही,” ते म्हणाले.

व्हिसा तीन आठवड्यांनी आला. मनकर्णाबाईंनी सोबत यायला नकार दिला. त्यांचं पाहून झालं होतं आणि कापूस वेचणीआधी भावाकडे जायचं होतं. सप्टेंबरच्या शेवटी दौलतराव थेट विमानानं गेले. दहा तास ते सीटवरून उठले नाहीत. पट्टा सोडायची परवानगी मिळाली आहे, हे त्यांना उतरताना कळलं. प्रीतीला रजा नव्हती. ती सकाळी त्यांच्या हातात ट्रामचं कार्ड आणि घराचा पत्ता देऊन कामावर जायची. जीप नव्हती, विश्रामगृह नव्हतं, पुढे फोन करून कोणाला हजर राहायला सांगता येत नव्हतं.

नऊ दिवसांनी ते परत आले. दुसऱ्या सकाळी बापूजी बाकावर आधीच येऊन बसले होते.

“सांगा. सत्तेचाळीस ठिकाणं झाली काय?”

“नाई.”

“किती?”

दौलतरावांनी बोटांवर मोजलं. घर. दुकान. प्रीतीचं ऑफिस, बाहेरून. एक संग्रहालय, पाऊस होता म्हणून. आणि एक पूल.

“पूल?” बापूजी म्हणाले. “पूल पाहाले इतक्या दूर? पैनगंगेवर काय हाय मंग?”

“हा उघडते.”

“उघडते म्हंजे?”

“मधातून वर जाते. घंटी वाजते, गाड्या थांबतेत, सायकली थांबतेत. कोणी हॉर्न मारत नाई. पूल उभा होते, खालून बोट जाते, पूल बसते, लोक चालले जातेत. मी ट्रामनं चुकीच्या जागी उतरलो होतो. पाह्यलं एकदा. मंग वाटलं, अजून एकदा पाहू. तिथं एक बाक होता.”

“किती वेळ बसले?”

“पहिल्या दिवशी चार तास. मंग रोज गेलो.”

“रोज?” बापूजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “न् लिहिलं काय काही?”

“कागद नेला नव्हता.”

बापूजींनी मैदानाकडे पाहिलं. मैदानात पोलीसभरतीची पोरं धावत होती. “कायच्या बोटी राहेत?”

“माणसायच्या. दारूवाल्या. एक रोज अकरा वाजता ये, लांब, काळी. वाळूची. काठोकाठ भरलेली.”

“वाळूची?” बापूजी एकदम ताठ झाले. तेहतीस वर्षं महसूल खात्यात काढलेल्या माणसानं वाळूनं भरलेलं वाहन अडवलं नाही, ही गोष्ट त्यांना पुलापेक्षा मोठी वाटली. “परवाना होता काय तिच्यापाशी?”

दौलतरावांनी विचार केला.

“इचारलं नाई,” ते म्हणाले. “पाहात होतो.”